चिपवाला पीएसटू

"चिपवाला पाहिजे की बिनचिपचा?"

२०१० साली, सहावीच्या परीक्षेनंतर, बुधवार पेठेत तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानात आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. बाबांनी विचारलं, चिप म्हणजे काय? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, चिप असली की पन्नास रुपयांची सीडी चालते. नसली की ओरिजिनल घ्या, दीड हजाराची." बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चिपवाला, सेकंडहँड, दोन रिमोट आणि पाच सीड्या फुकट. आमच्याकडे पीएसटू असा आला.

त्या वेळी मला वाटायचं की चिप हा पीएसटूचाच एक भाग आहे, फ्रीजला स्टॅबिलायझर लागतो तसा. आमच्या सोसायटीत चार जणांकडे पीएसटू होता आणि चारही चिपवाले होते. बिनचिपचा पीएसटू मी पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगला असताना, एका मित्राच्या घरी. त्याच्या मामाने तो बाहेरून आणला होता. आमच्या सीड्या त्यात चालेनात तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवलं की ह्याचा पीएसटू बिघडलाय.

जगात ज्याला मोडतोड म्हणतात ती आमच्याकडे मूळ अवस्था होती. ती कशी झाली, आणि त्यातून आपण काय कमावलं, काय गमावलं, हे नीट मांडावं म्हणून हा लेख.

कुलूप नसलेलं यंत्र

सुरुवात पीएसटूच्या आधी करावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांनी पहिला गेम खेळला तो 'टीव्ही गेम'वर. पिवळी किंवा काळी कॅसेट, वर '९९९९ इन १' असा दावा, आत मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा गेम. हे यंत्र म्हणजे निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉमची नक्कल. फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ च्या जुलैमध्ये विक्रीला आला. अमेरिकेत त्याचा भाऊ १९८५ मध्ये गेला, तेव्हा निन्टेंडोने त्यात एक कुलूप घातलं: यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघींचा संवाद जुळला नाही तर यंत्र सारखं रीसेट होत राही. जपानी फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हतं. आशियात ज्याच्या नकला पसरल्या तो हा जपानी, बिनकुलपाचा फॅमिकॉम.

त्यामुळे आपल्या पिढीची गेमशी पहिली ओळख झाली तीच अशा यंत्रातून, ज्यात कोणीही काहीही खुपसावं. त्या '९९९९'मध्ये खरे गेम वीस-पंचवीसच असत. बाकीचे तेच गेम, फक्त तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे, किंवा रंग बदललेले, किंवा नायकाला जास्त जीव दिलेले. म्हणजे कोणीतरी मूळ प्रोग्रॅममधले आकडे बदलून त्याला नवं नाव दिलं होतं. लहानपणी आम्ही त्याला फसवणूक म्हणायचो. आज प्रोग्रॅमर म्हणून बघतो तर ती माझ्या आयुष्यातली पहिली सॉफ्टवेअर मोडतोड होती, आणि ती आम्ही भाजीबरोबर कोथिंबीर यावी तशी घेतली होती.

सोनीचं कुलूप

सोनीने पहिला प्लेस्टेशन १९९४ च्या डिसेंबरमध्ये जपानात आणला तेव्हा कॅसेटच्या जागी सीडी आली. सीडी कॉपी करणं सोपं, म्हणून कुलूप हुशारीने घातलं होतं. सीडीवरची चक्राकार रेघ एका ठिकाणी मुद्दाम अगदी बारीक थरथरती कोरलेली असे. त्या थरथरीत चार अक्षरं लपलेली: जपानच्या सीडीवर एक संच, अमेरिकेच्या दुसरा, युरोपच्या तिसरा. घरचा सीडी रायटर डेटा लिहितो, रेघेची थरथर त्याच्या हातात नसते. त्यामुळे कॉपी हुबेहूब झाली तरी अक्षरं गायब, आणि यंत्र सीडी नाकारणार.

यावरचा तोडगा म्हणजे पहिली 'चिप'. आठ पायांची, काही रुपयांची, साधी प्रोग्रॅम करता येणारी चिप. काम एकच: सीडी तपासली जात असताना ती चार अक्षरं तारेवरून सतत बडबडत राहायची. यंत्राला वाटायचं सीडीच बोलतेय.

पीएसटू मार्च २००० मध्ये जपानात आला. त्याचं कुलूप जास्त पक्कं होतं, म्हणून सुरुवातीच्या चिपांना वीसेक तारा डाग द्याव्या लागत. केसाएवढ्या तारा, नखाच्या टोकाएवढे टाके. हे काम करणारी माणसं पुण्यात होती, आणि त्यातल्या फार थोड्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं असेल. टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, मोबाइल दुरुस्त करता करता हात बसलेला. आमच्या दुकानात मागच्या बाजूला एक जण असा बसायचा. गळ्यात भिंग, समोर उघडलेला पीएसटू, बाजूला चहा. चिप कशी चालते हे मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "ते माहीत नाही, पण कुठे लावायची ते माहीत आहे." ह्या वाक्यावर मी बरेच दिवस हसलो. नंतर नोकरी लागली, दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या वापरून कोड लिहायला लागलो, आणि हसणं थांबलं.

विरजण

चिप म्हणजे हार्डवेअरची मोडतोड. यंत्र उघडायचं, डाग द्यायचा, बिघडलं तर नशीब. पुढची पायरी जास्त रंजक आहे, कारण तिच्यात स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

पीएसटू चालू झाला की सगळ्यात आधी मेमरी कार्डावर एक ठरावीक फोल्डर शोधतो. सोनीनेच ही सोय केली होती, सिस्टिमला सुधारणा देण्यासाठी. जपानमधल्या अगदी पहिल्या पीएसटूंमध्ये तर डीव्हीडी चित्रपट चालवणारा प्रोग्रॅमच मेमरी कार्डावर येत असे. ह्या फोल्डरमध्ये नीट सही केलेली फाइल असेल, तर यंत्र ती मुकाट चालवतं. २००८ मध्ये काही हौशी प्रोग्रॅमरांनी ह्याच दारातून आत जाणारा 'फ्री एमसी बूट' नावाचा प्रोग्रॅम लोकांसमोर ठेवला. आठ एमबीच्या मेमरी कार्डावर तो बसवायचा, कार्ड खाचेत घालायचं, यंत्र चालू करायचं. सोनीच्या मेनूत तुमचे स्वतःचे पर्याय दिसायला लागतात. चिप नको, डाग नको.

यातली गंमत सहीची आहे. फाइल प्रत्येक कार्डाशी वेगळी बांधलेली असावी लागते, आणि ती बांधणी करणारी यंत्रणा पीएसटूच्याच आत आहे. म्हणून कार्ड तयार करायला आधीच उघडलेला एक पीएसटू लागतो. इन्स्टॉलर त्या यंत्राकडूनच नव्या कार्डासाठी सही करून घेतो. कुलूपवाल्याकडूनच किल्ली घडवून घेतल्यासारखं.

आपल्याकडे ह्याला साधा शब्द आहे: विरजण. दही लावायला आधी चमचाभर दही लागतं. माझ्या कार्डाला विरजण मिळालं ते कंपनीतल्या एका मित्राच्या घरी, कोथरूडमध्ये, एका रविवारी. त्याचं कार्ड पहिल्या खाचेत, माझं दुसऱ्या, पाच मिनिटांचं काम. त्याला ते त्याच्या कॉलेजातल्या कोणाकडून मिळालं होतं. त्या कोणाला आणखी कोणाकडून.

सोनीने शेवटच्या मॉडेलांमध्ये हे दार बंद केलं. ४ जानेवारी २०१३ ला कंपनीने पीएसटूचं उत्पादन थांबवल्याचं सांगितलं. तोवर पंधरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली होती. दार उघडण्याचा उद्योग मात्र थांबला नाही. २०२० च्या जूनमध्ये सीटर्ट नावाने वावरणाऱ्या एका संशोधकाने दाखवलं की पीएसटूच्या डीव्हीडी प्लेअरमध्येच चूक आहे. डीव्हीडीची माहिती देणारी फाइल मुद्दाम वाकडी लिहिली, तर प्लेअर दिलेल्या जागेच्या बाहेर डेटा ओततो आणि त्या ओघात तुमचा प्रोग्रॅम चालू होतो. म्हणजे आता विरजणही नको, साधी घरी लिहिलेली डीव्हीडी पुरे. वीस वर्षांपूर्वी आलेल्या यंत्रासाठी, ज्याला बनवणाऱ्यांनी सात वर्षांपूर्वी निरोप दिला होता, कोणीतरी एवढा जीव ओतला.

कशासाठी? माझ्यापुरतं उत्तर सोपं आहे. माझ्या पीएसटूची लेन्स मेली. मोटर फिरते, सीडी फिरते, वाचत काही नाही. नवी लेन्स मिळते, पण तीही कुठल्या तरी जुन्या यंत्रातून काढलेली. 'ओपन पीएसटू लोडर' नावाचा प्रोग्रॅम मेमरी कार्डावरून चालू केला की गेम पेनड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून येतो, लेन्सची गरजच संपते. पेनड्राइव्हवर मजा नाही, कारण पीएसटूचं यूएसबी जुन्या पद्धतीचं आहे, सेकंदाला जेमतेम एक एमबी, व्हिडिओ अडखळतात. स्लिम मॉडेलच्या पाठीमागे मात्र नेटवर्कची खाच आहे. तिच्यात लॅपटॉपची केबल घातली आणि आठ वर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र पुन्हा बोलायला लागलं.

'क्रिकेट २०११'

आता त्या पाच फुकट सीड्यांनंतर घेतलेल्या एका सीडीबद्दल.

ईए कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा गेम २००६ च्या शेवटी आला, ॲशेसच्या तोंडावर. भारताच्या संघाचा परवाना त्यात नव्हता, आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेली. त्यानंतर ईएने क्रिकेटचा गेम काढलाच नाही. आणि २००८ मध्ये आयपीएल सुरू झालं. म्हणजे क्रिकेटचं सगळ्यात मोठं वेड देशात आलं तेव्हा गेम बनवणारी कंपनी मैदान सोडून गेली होती.

ती पोकळी हौशी पोरांनी भरली. जर्सीची चित्रं, खेळाडूंची नावं, संघांचे ध्वज बदलून 'क्रिकेट ०७'चे नवे अवतार निघत राहिले. बहुतेक कॉम्प्युटरसाठी, पण काही पीएसटूच्या डीव्हीडीवरही. तपकीर गल्लीतून मी घेतलेल्या सीडीवर मार्करने 'क्रिकेट २०११' लिहिलं होतं. आत पुणे वॉरियर्स होते.

पुण्याचा हा संघ आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम खेळला. पहिल्या वर्षी तर गहुंजेचं स्टेडियम तयार नसल्याने त्यांचे घरचे सामने नवी मुंबईत झाले. माझ्या सीडीवर ते लॉर्ड्सवर खेळायचे, कारण मैदानं कोणी बदलली नव्हती. समालोचनही रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचंच.

दोन वर्षांपूर्वी मी ही सीडी लॅपटॉपमध्ये घातली. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत डेटा एका रासायनिक थरावर असतो आणि तो थर वर्षांगणिक फिका पडतो. साधी कॉपी अर्ध्यात थांबली. मग न वाचता येणारे तुकडे बाजूला ठेवून पुढे जाणारा आणि नंतर त्या तुकड्यांकडे परत परत येणारा प्रोग्रॅम लावला. रात्रभरात जवळजवळ सगळं वाचलं गेलं. तीस-पस्तीस तुकडे कायमचे गेले.

मग आतल्या फाइली उघडून बघितल्या. बदल करणाऱ्याने मूळ सोर्स कोड पाहिलेला नसतो, तो तयार फाइलमधली अक्षरं खोडून त्याच जागी नवी लिहितो. नवं नाव जुन्यापेक्षा लांब असून चालत नाही, कारण पुढच्या बाइटवर दुसरंच काही सुरू होतं. त्यामुळे काही खेळाडूंची आडनावं शेवटी छाटलेली होती. आखूड नावांच्या जागी उरलेली घरं रिकाम्या जागांनी भरलेली. एका ठिकाणी जुन्या खेळाडूच्या नावाचं शेवटचं अक्षर खोडायचं राहून गेलं होतं, ते नव्या नावाला चिकटलं होतं. लहानपणी आम्ही त्या विचित्र नावाला हसायचो. आता ते अक्षर का आहे हे कळलं. कोणीतरी रात्री उशिरा, एकेक नाव मोजत, हे लिहीत बसला असणार.

त्याचं नाव सीडीवर कुठेही नाही.

वही

हे सगळं गुन्ह्यात मोडतं का? उत्तर वाटतं तितकं सरळ नाही.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं हाच गुन्हा ठरवला, तुम्ही आत जाऊन काय करता हा प्रश्न नंतरचा. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च पीठाने उलट निकाल दिला: प्लेस्टेशनला चिप बसवून देणाऱ्या स्टीव्हन्स नावाच्या माणसाविरुद्ध सोनीचा दावा फेटाळला गेला. भारतात ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आली, कलम ६५ए म्हणून. तिथे शब्द आहेत हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने कुलूप तोडण्याचे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कायद्याने स्पष्ट मना न केलेल्या कामासाठी कुलूप तोडलं तर हे कलम आड येत नाही. आणि रीतसर विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची प्रत, मूळ प्रत खराब होईल म्हणून, करून ठेवायला हाच कायदा कलम ५२ मध्ये परवानगी देतो.

ह्याच कलमात एक अट आहे जी वाचून मी थांबलो. दुसऱ्याला अशा वैध कामासाठी कुलूप तोडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायची. म्हणजे गळ्यात भिंग घातलेल्या त्या माणसाने चहाशेजारी एक वही ठेवायला हवी होती. त्या वहीत माझ्या बाबांचं नाव, आमचा पत्ता, आणि उद्देश: 'सीड्या स्वस्त पडतात.'

इथे लपवण्यात अर्थ नाही. आमचा उद्देश तोच होता, आणि तो कायद्यात बसणारा नव्हता. त्याची किंमत कोणीतरी मोजली. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजने पीएसटूसाठी 'हनुमान: बॉय वॉरियर' बनवला. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्राने 'देसी अड्डा' काढला, ज्यात कबड्डी होती, विटी-दांडू होता, पतंगाची काटाकाटी होती. मुंबईच्या ट्राइन गेम्सने गल्ली क्रिकेटचा गेम केला. आपल्याकडे बनलेले, आपल्या खेळांचे हे गेम ज्या बाजारात उतरले तिथे जगातला सगळ्यात भारी गेम पन्नास रुपयांत मिळत होता. 'देसी अड्डा' मी तेव्हा विकत घेतला नाही. सोसायटीत कोणीच घेतला नाही. आणि सांगायला वाईट वाटतं, पण तपकीर गल्लीत त्याची पन्नास रुपयांची कॉपीसुद्धा मी कधी पाहिली नाही. चोरण्यालायकही तो कोणाला वाटला नसावा.

आज हिशेब उलटा झालाय. त्या गेमांच्या मूळ डिस्क कुठे जपल्या जाताहेत? १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. गेमसाठी तसं बंधन नाही. यंत्रांच्या लेन्स मरताहेत, बनवणाऱ्या कंपनीने हात काढून घेतलाय. तो विटी-दांडू दहा वर्षांनी खऱ्या पीएसटूवर खेळता आला तर तो कोणाच्या तरी मेमरी कार्डावरच्या विरजणामुळे. ज्या तोडलेल्या कुलपाने त्या गेमांचं दुकान बसवलं, तेच आता त्यांना जिवंत ठेवू शकतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि त्यातलं एकच सांगणारा माणूस, मग तो कंपनीचा वकील असो की हॅकर, मला अर्धवट वाटतो.

बुधवार पेठेतून बाजीराव रस्त्यावर आलात की राजा केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या गोळा केल्या आणि संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिलं. त्या वस्तू बनवणाऱ्यांची नावं बहुतेक माहीत नाहीत. त्या लोकांच्या घरात रोज हाताळल्या जात होत्या, एवढं कारण त्यांना पुरलं. मागच्या महिन्यात तिथे गेलो तेव्हा एका काचेसमोर उभा राहून मी हिशेब करत होतो, आमच्या पिढीच्या घरात रोज काय हाताळलं जायचं.

मी एक वही घातली आहे. मित्रांकडच्या, शेजाऱ्यांकडच्या, जुन्या बाजारात रविवारी सापडलेल्या पीएसटूच्या डिस्क वाचतो आणि नोंद करतो: डिस्कवर काय लिहिलंय, मूळ की कॉपी, कुठून घेतली, किती तुकडे वाचता आले नाहीत. आत्तापर्यंत एकवीस झाल्या. दोनच मूळ आहेत. त्यातली एक 'देसी अड्डा', साठ रुपयांना मिळाली, प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेली.

पहिल्या ओळीत 'क्रिकेट २०११' आहे. 'बनवणारा' ह्या रकान्यात मी काही लिहिलेलं नाही. तो रकाना रिकामा ठेवलाय, खोडलेला नाही.